उसाला कोयता लागण्याआधी: गळीत हंगामात बिबट्यापासून जपायच्या गोष्टी

दिवाळी सरली की कारखान्यांची धुराडी पेटतात आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, संगमनेर, अकोले, राहुरी, निफाड या पट्ट्यात तोडणीच्या टोळ्या उतरतात. बिबट्या दिसल्याच्या, शेळी नेल्याच्या आणि कधी माणूस गेल्याच्या बातम्याही याच दिवसांत वाढतात. दर वेळी कुणीतरी म्हणतंच, की डोंगरातला बिबट्या खाली आला. यातले बरेच बिबटे डोंगर न पाहिलेले आहेत. कुकडी, प्रवरा, गोदावरीच्या कालव्यांखाली आडसाली ऊस सोळा-सतरा महिने रानात उभा राहतो. मादीला पिल्लं घालायला आणि पोसायला एवढा काळ भरपूर झाला. पाणी सरीत आहे, कुत्री-शेळ्या वस्तीवर आहेत, मग तिनं डोंगरात कशाला जावं?

अकोले परिसरात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 मोठे बिबटे आढळले. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता आणि त्यात सगळ्यात मोठा कुत्र्यांचा. बिबट्या माणसाच्या मागावर नसतो. पण उसाच्या कडेला बसलेली, वाकलेली किंवा मुळातच लहान असलेली आकृती त्याला अंधुक उजेडात शिकारीसारखी वाटू शकते. लहान मुलं, गवत कापणाऱ्या बाया आणि शौचाला बसलेली माणसं यांना धोका जास्त असतो, तो यामुळे. खालचा बहुतेक सल्ला या एकाच गोष्टीवर बेतलेला आहे: उसाजवळ माणूस उभा दिसला पाहिजे, त्याचा आवाज आला पाहिजे आणि मूल एकटं असता कामा नये.

तोडणीच्या दिवशी

फड, म्हणजे तोडायचा ऊस, कुठून फोडायचा हे टोळीच्या मुकादमावर सोडू नका, आदल्या दिवशी स्वतः चक्कर मारून ठरवा. वस्ती, रस्ता किंवा कोप्या (टोळीच्या झोपड्या) ज्या बाजूला असतील तिथून तोड सुरू करा आणि ओढा किंवा शेजारचा उभा ऊस असेल त्या दिशेनं सरकत जा. आत जनावर असेल तर कोयत्यांचा आवाज ऐकून ते पुढच्या बाजूनं निघून जातं. चारी बाजूंनी टोळ्या लावून मधे उसाचं बेट उरवणं ही सगळ्यात धोक्याची पद्धत. शेवटच्या चार-सहा सऱ्यांत अडकलेल्या बिबट्याला माणसांवरूनच वाट काढावी लागते. हार्वेस्टर लावला तरी दिशा हीच ठेवा. चालक वर बसलेला असतो, पण राहिलेले ऊस वेचायला मागून बाया वाकून चालत असतात.

टोळ्या पहाटे चार-पाचला फडात शिरतात, कारण गाडी वेळेत भरायची असते. निदान पहिली तोड तरी उजाडल्यावर सुरू होऊ द्या. शेतमालकानं शब्द टाकला तर मुकादम ऐकतो. आधी चार-पाच जणांनी बांधावरून बोलत, डबा वाजवत एक फेरी मारावी. फटाके उडवून जनावर बिथरवू नका. काही जण जनावर निघावं म्हणून फडच पेटवतात. त्यात पिल्लं होरपळतात, पाचट जातं, उसाचं वजन घटतं आणि जळिताला कारखाना कपात लावतो. चारी बाजूंनी तोटाच.

शेजाऱ्याला आदल्या दिवशी कळवायची पद्धत मात्र आपल्याकडे अजून पडलेली नाही. तुमचा फड रिकामा झाला की त्यातला बिबट्या शेजाऱ्याच्या उभ्या उसात किंवा मक्यात जातो, आणि शेजाऱ्याची पोरं बांधावर नेहमीसारखी खेळत असतात. एक फोन करायला काय जातं?

पिल्लं सापडली तर

तोडणीत मांजराएवढी दोन-तीन पिल्लं सापडणं आता नवलाचं राहिलेलं नाही. त्यांना हात लावू नका, कुत्री लांब बांधा, त्या भागातली तोड तिथेच थांबवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा वनरक्षकाला कळवा. पिल्लं मांडीवर घेऊन फोटो काढणाऱ्यांना तर आधी हाकला. आई लांब गेलेली नसते, जवळच्या उसात दबा धरून असते. वनविभागाचे लोक आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्राचे डॉक्टर पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी ठेवतात. अंधार पडल्यावर आई येऊन एकेक उचलून नेते. कधी पहिल्या रात्री येत नाही, तर दुसऱ्या रात्रीही ठेवावी लागतात. म्हणजे तुमची एक-दोन दिवसांची तोड खोळंबते. गाडी रिकामी परत गेल्याचा राग येणं साहजिक आहे. पण पिल्लं कायमची उचलून नेली तर मादी ती शोधत वस्तीभोवती घिरट्या घालत राहील. त्यापेक्षा हा खोळंबा परवडला.

टोळीच्या कोप्या आणि पोरं

टोळीत बीडची माणसं असोत, पाथर्डीची असोत की चाळीसगावची, ती आपल्या रानात पाहुणी आहेत आणि सगळ्यात उघड्यावर तीच आहेत. कोप्या उभ्या उसाला खेटून घालायला लावू नका. मोकळं, नांगरलेलं रान द्या, निदान पन्नास पावलं अंतर ठेवा. रात्रभर जळेल असा एक दिवा द्या, वायर तुमच्या मोटरीच्या खोलीतून जाऊ शकते. आईबाप फडात असताना पोरं बांधावर पाचटात झोपवलेली असतात. त्यांना उसाच्या कडेला ठेवण्याऐवजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा कोप्यांपाशी ठेवा आणि एक मोठं माणूस तिथेच थांबू द्या. त्या माणसाचा कोयता त्या दिवशी कमी पडेल, पडू द्या.

शौचालयाबद्दल बोलायला लोक संकोचतात. बाया अंधारात, एकेकट्या, उसाच्या आडोशाला बसतात, म्हणजे ज्या अवस्थेत धोका सर्वांत जास्त त्याच अवस्थेत रोज दोनदा. चार बांबू, पत्रा आणि एक खड्डा एवढ्यावर आडोसा उभा राहतो. कारखान्यानं फिरतं शौचालय दिलं तर उत्तमच, पण त्याची वाट पाहत हंगाम काढू नका. तोवर निदान दोघी-तिघींनी मिळून, बॅटरी घेऊन, मोकळ्या बाजूला जावं.

रात्रीचं पाणी

रब्बीच्या कांद्या-गव्हाला रात्रपाळीची वीज आली की दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, जावंच लागतं. एकट्यानं जाऊ नका. दारं मोडताना माणूस वाकतो, अशा वेळी दुसऱ्यानं उभं राहून बॅटरी फिरवत ठेवावी. मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा. बांधावर उकिडवं बसून बिडी ओढत पाणी पोहोचायची वाट पाहायची सवय मोडा. मोटरीचा स्टार्टर आणि ठिबकचे व्हॉल्व्ह उसाच्या आत असतील तर या हंगामात ते रस्त्याच्या बाजूला काढून घ्या आणि भोवतालचं गवत साफ ठेवा. मोबाईल स्टार्टर बसवला तर निम्म्या फेऱ्या वाचतात.

शिरूर तालुक्यात माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना दिसली. बिबट्या मानेला धरतो, तेव्हा त्यामागचं भय खरं आहे. पट्टा घालायचा तर घाला, पण पट्टा आहे म्हणून एकट्यानं उसात वाकू नका.

वस्ती आणि गोठा

घराला लागून ऊस, गजराज गवत, मका किंवा केळी नको. तीस-चाळीस फुटांचा पट्टा कांदा, मेथी, हरभरा, भुईमूग अशा बुटक्या पिकांचा ठेवा. ओट्यावर, पडवीत झोपू नका. डिसेंबरात सहालाच अंधारतं, तेव्हा शाळा-क्लासवरून येणारी पोरं गटानं आणि मोठ्या माणसाबरोबर यावीत.

शेळ्यांच्या गोठ्याला तीन फूट भिंत आणि वर मोकळं असेल तर तो गोठा बिबट्यासाठी ताटच आहे. भिंतीपासून छपरापर्यंत चेनलिंक जाळी मारा, छपराच्या फटी बुजवा, दाराला आतून-बाहेरून कडी ठेवा. एकदा आत शिरला की शेळ्यांच्या धावपळीनं बिथरून तो एकाच रात्रीत अनेक मारतो. मेंढपाळांचा वाडा शेतात बसवायचा असेल तर वाघरीच्या (मेंढ्यांभोवती लावायच्या) जाळीबाहेर दिवे लावा आणि वाड्याची जागा उसापासून लांब द्या.

पोल्ट्रीवाल्यांना वेगळं सांगायला हवं. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकल्या की कुत्री गोळा होतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. खोल खड्डा, वर चुना आणि माती, एवढं रोज करा. विहिरीला कठडाही याच हंगामात बांधून घ्या. शिकारीमागे धावताना बिबटे विहिरीत पडतात आणि मग काठावर जमलेल्या गर्दीला आवरणं हेच मोठं काम होऊन बसतं.

समोर आलाच तर

पळू नका, खाली बसू नका, दगड उचलायलाही वाकू नका. मूल बरोबर असेल तर बिबट्याकडे पाठ न वळवता ते उचलून घ्या. हात वर करा, मोठ्यानं ओरडा आणि तोंड बिबट्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. त्याची जायची वाट मोकळी ठेवा. गावात बातमी कळताच शंभर माणसं काठ्या घेऊन उसाला वेढा घालतात, व्हिडिओ काढणारे सर्वांत पुढे. अशा घेऱ्यात माणसं हमखास जखमी होतात.

नख किंवा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. ओरखडा किरकोळ वाटला तरी रेबीजची लस घ्यावीच लागते. जखम रक्ताळलेली असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) हेही द्यावं लागतं, ते मिळेल त्या रुग्णालयात जा.

पिंजरा, तार आणि पंचनामा

माणसावर हल्ला झाला असेल तर पिंजऱ्याची मागणी रास्त आहे. नुसता दिसला म्हणून पिंजरा लावायचा हट्ट धरू नका. 2001 नंतर जुन्नर भागातून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. हल्ले कमी न होता वाढले, आणि जिथे सोडले तिथेही सुरू झाले. जागेवर ठरलेला बिबट्या हलवला की त्याच्या जागी नवखा येतो. कुंपणात वीज सोडणं आणि विष घालणं हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हे आहेत. शिवाय त्या तारेला बिबट्याआधी तुमचाच गडी चिकटायचा.

जनावर मारलं गेलं तर ते जागेवरून हलवू नका. पंचनाम्यात पायाचे ठसे आणि दाताच्या खुणा पाहतात. फोटो काढून ठेवा आणि 48 तासांच्या आत वनविभागाला कळवा, भरपाईचा अर्ज पुढे त्यावरच चालतो. माणूस दगावल्यास वारसांना 25 लाख रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी शवविच्छेदन अहवाल आणि वारसाचे कागद लागतात. टोळीतल्या माणसावर वेळ आली तर त्यांचे कागद दुसऱ्या जिल्ह्यात असतात आणि हंगाम संपला की टोळी निघून जाते. अर्ज तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात त्यांच्याबरोबर जाऊन तुम्ही भरून द्या, आणि पोच घ्या.