ओरखडे पडलेल्या सीडीतून फाइली कशा काढाव्यात

पंचवटीतल्या आत्याने परवा कपाटातून एक सीडी काढून हातात ठेवली. वर मार्करने लिहिलेलं, 'कुंभमेळा २००३'. वीस वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली, त्यामुळे चरेच चरे. कॉम्प्युटरमध्ये घातली की ड्राइव्ह घरघरायचा आणि फोल्डर उघडता उघडता सगळं अडकायचं. तुमच्याकडेही अशी एखादी सीडी असेलच. लागणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत. वेळ मात्र लागतो.

आधी सीडी उजेडासमोर धरा. आरपार ठिपके दिसले, तर तिथला चंदेरी थर गेला. तो परत येत नाही. सीडीत हा थर लेबलाच्या लगेच खाली असतो, वर फक्त पातळ लेप. म्हणून चिकटवलेलं लेबल ओढून काढू नका, थरही सोबत येतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधोमध दडलेला असतो. खालच्या चकचकीत बाजूचे चरे मात्र नुसत्या प्लॅस्टिकवरचे, तिथे आशा असते.

मग पुसा. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, चष्म्याचं फडकं. मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल अजिबात नाही. माहिती गोल फिरत लिहिलेली असते. त्याच दिशेने चरा पडला तर सलग तुकडा जातो. आडवा चरा ड्राइव्ह बऱ्याचदा स्वतःच सांभाळून घेतो. टूथपेस्टचा उपाय सगळेच सांगतात, पण मी तो अगदी शेवटी ठेवतो. त्याने एक खोल चरा जातो आणि शंभर बारीक येतात.

आता सॉफ्टवेअरच्या आधी दुसरा ड्राइव्ह शोधा. माझ्या लॅपटॉपला न दिसणारी ही सीडी शेजारच्या दादाच्या जुन्या डेस्कटॉपने निमूट उघडली. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी.

विंडोजवर 'अनस्टॉपेबल कॉपियर' घ्या. सोर्समध्ये सीडी, टार्गेटमध्ये हार्ड डिस्कवरचा रिकामा फोल्डर द्या आणि कॉपी दाबा. नेहमीची कॉपी पहिल्या चुकीला थांबते. हे सॉफ्टवेअर वाचता न येणारा भाग सोडून पुढे जातं. लग्नाच्या जुन्या व्हीसीडीसाठी हेच बरं. तिच्यात 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली 'डॅट' फाइल उचलायची आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावायची. मधेच चौकोन उडाले तरी लग्न दिसतं.

फोटोंच्या डेटा सीडीला मी लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' वापरतो. उबंटू या लिनक्समध्ये त्याच्या पॅकेजचं नाव 'जीडीडीरेस्क्यू'. ते एकेक फाइल न उचलता अख्ख्या सीडीची इमेज, म्हणजे एकाच फाइलीतली हुबेहूब प्रत, करतं, आणि काय वाचलं, काय राहिलं हे मॅप फाइलमध्ये टिपून ठेवतं. सेक्टरचा, म्हणजे सीडीवरच्या माहितीच्या एका तुकड्याचा, आकार २०४८ बाइट द्या (-b 2048). पहिल्या फेरीत 'एन' (-n) हा पर्याय लावा, म्हणजे सोपं ते आधी निघतं. दुसऱ्या फेरीत 'एन' काढून 'आर ३' (-r3), म्हणजे अडलेल्या जागी तीन वेळा पुन्हा प्रयत्न. सीडी मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच इमेज, तीच मॅप फाइल द्या. राहिलेलेच सेक्टर वाचले जातात. ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. मॅप फाइलचं नाव द्यायला विसरलात तर सगळं पहिल्यापासून. मी विसरलो होतो.

इमेज तयार झाली की सीडी पाकिटात ठेवून द्या, पुढचं काम इमेजवर. ती उघडली नाही तर 'फोटोरेक' चालवा. ते फोल्डरांकडे न बघता फाइलींच्या खुणा शोधून फोटो काढतं; नावं मात्र जातात.

आत्याचे बहुतेक फोटो निघाले. रामकुंडाचा एक अर्धाच आला: वर गर्दी, खाली करडी पट्टी. "त्या पट्टीत मी उभी होते," आत्या म्हणाली. त्या फोटोसाठी आता तिसरा ड्राइव्ह शोधतोय.