सीईएचा रिपोर्ट कसा वाचावा: मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रक्तचाचणीचा उपयोग आणि मर्यादा

मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगात डॉक्टर सर्वाधिक वेळा लिहून देतात ती रक्तचाचणी म्हणजे सीईए, अर्थात कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन. मॉन्ट्रियल येथील फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ साली आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत हे प्रथिन दाखवून दिले. रिपोर्ट हाती पडताच घरातले सारे विचारतात, "कर्करोग आहे की नाही?" या प्रश्नाचे उत्तर ही चाचणी एकटी देऊ शकत नाही.

शौचातून रक्त जात असेल, शौचाच्या सवयी काही आठवड्यांपासून बदलल्या असतील, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन कमी होत असेल, तर आधी कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) करावी आणि गाठ आढळल्यास तिचा तुकडा बायोप्सीसाठी द्यावा. निदान तिथेच होते. आपल्याकडे अशा रक्तस्रावाला मूळव्याध समजून महिनोन्‌महिने घरगुती उपाय चालतात. त्यात कुणीतरी सीईए करून घेतो, तो ३ येतो आणि सगळे निर्धास्त होतात. हा दिलासा धोक्याचा आहे, कारण सुरुवातीच्या अवस्थेतील अनेक रुग्णांचा सीईए पूर्णपणे सामान्य असतो. म्हणून सामान्य सीईएच्या भरवशावर कोलोनोस्कोपी कधीही रद्द करू नये.

याउलट, 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये, कोणतेही लक्षण नसताना केलेल्या चाचणीत ६ किंवा ७ आकडा आला म्हणून हातपाय गाळू नयेत. धूम्रपान, यकृताचा सिरोसिस, कावीळ, स्वादुपिंडाची सूज, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस अशा कारणांनीही सीईए वाढतो. मात्र अशा वेळी तो सहसा १०च्या पुढे जात नाही. जठर, स्वादुपिंड, फुप्फुस आणि स्तन यांच्या कर्करोगांतही तो वाढू शकतो, त्यामुळे वाढलेल्या आकड्याकडे दुर्लक्ष न करता डॉक्टरांना दाखवावे. निरोगी माणसांत कर्करोग शोधण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असेच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

आजाराची अवस्था ठरते ती गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, किती लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) पोहोचली आणि यकृत किंवा फुप्फुसापर्यंत पसरली का, यांवरून. त्यासाठी सीटी स्कॅन, गुदाशयाच्या गाठीसाठी एमआरआय आणि शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट लागतो. त्या रिपोर्टमध्ये किमान १२ लसिकाग्रंथी तपासलेल्या असाव्यात, अशी अपेक्षा असते. सीईएमुळे अवस्थेचा क्रमांक बदलत नाही. तरीही उपचारापूर्वीचा सीईए नोंदवलेला असलाच पाहिजे, कारण एकाच अवस्थेतील दोन रुग्णांपैकी ज्याचा सीईए ५ किंवा अधिक असतो, त्याच्यात आजार उलटण्याचा धोका तुलनेने जास्त असतो. शिवाय पुढच्या प्रत्येक आकड्याची तुलना याच आकड्याशी करायची असते. शस्त्रक्रियेच्या धावपळीत ही साधी चाचणी राहून जाते, म्हणून दाखल होण्यापूर्वीच ती झाली का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

गाठ पूर्ण निघाली असेल, तर वाढलेला सीईए साधारण ४ ते ६ आठवड्यांत सामान्य पातळीवर येतो. तो उतरला नाही, तर कुठेतरी आजार शिल्लक असल्याची शंका घ्यावी लागते. त्यानंतर सहसा पहिली २ वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी आणि पुढे ५ वर्षे पूर्ण होईपर्यंत दर ६ महिन्यांनी चाचणी करतात. या चाचणीचा खरा उपयोग इथेच आहे: यकृतातील किंवा फुप्फुसातील मोजक्या गाठी वेळेत सापडल्या, तर काही रुग्णांमध्ये त्या शस्त्रक्रियेने काढता येतात.

रिपोर्ट वाचताना आकड्यासोबत एकक, संदर्भमर्यादा (सामान्य मानली जाणारी पातळी) आणि चाचणीची पद्धत हेही पाहावे. एकक बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असते आणि धूम्रपान न करणाऱ्यांची मर्यादा अनेक प्रयोगशाळा वेगळी, थोडी कमी देतात. पद्धत बदलली की आकडाही बदलू शकतो, त्यामुळे शक्यतो एकाच प्रयोगशाळेत चाचणी करावी आणि सगळे आकडे तारखेसह एका कागदावर उतरवून ठेवावेत. समजा, शस्त्रक्रियेपूर्वी १८, नंतर २.१, मग २.४, ३.६ आणि ४.८ असे आकडे आले. यातला शेवटचा आकडा मर्यादेत आहे, रिपोर्टमध्ये तो ठळक छापलेलाही नसेल, पण तो सतत चढतो आहे आणि म्हणून तो डॉक्टरांच्या नजरेस आणायलाच हवा. केस-नखांसाठी बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या चालू असतील, तर तेही आधी सांगावे. काही पद्धतींत त्यामुळे सीईए खोटा कमी दिसतो.

ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाची केमोथेरपी सुरू झाल्यावर पहिल्या ४ ते ६ आठवड्यांत सीईए तात्पुरता वाढू शकतो. तेवढ्यावरून औषध निकामी ठरले, असे मानू नये. सीए १९-९ ही कर्करोगाशी संबंधित आणखी एक रक्तचाचणी काहीजण सोबत करून घेतात, पण या आजारात तिची नेहमी गरज नसते आणि काही लोकांच्या शरीरात ती चाचणी मोजते ते द्रव्य जन्मतःच तयार होत नाही.

उपचार संपल्यानंतर सीईए वाढलेला दिसला, तर प्रथम चाचणी पुन्हा करून वाढ खरी असल्याची खात्री करतात. वाढ कायम असेल, तर छाती, पोट व ओटीपोटाचा सीटी स्कॅन आणि कोलोनोस्कोपी करतात. त्यांतही काही न सापडल्यास पेट-सीटी या वेगळ्या प्रकारच्या स्कॅनचा विचार होतो. स्कॅनमध्ये काहीच दिसत नसताना केवळ वाढलेल्या आकड्यावरून केमोथेरपी सुरू करण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञांचे मत जरूर घ्यावे.