मेंदूचा ऑक्सिजन-वापर एमआरआयवर मोजायला शिकताना

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण माणूस निवांत पडलेला असताना लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तोच संपवतो. हा वापर मोजायची जुनी रीत पेट स्कॅनची. तिला लागणारा ऑक्सिजन-१५ हा किरणोत्सारी ऑक्सिजन दोन मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, हाताशीच लागतं. एमआरआयला ती अडचण नाही, म्हणून नाशिकमध्ये एमडी रेडिओलॉजी किंवा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) करणाऱ्यालाही हा विषय हाती घेता येतो.

गणित एका ओळीचं आहे: रक्तप्रवाह × (धमनीतली संपृक्तता − शिरेतली संपृक्तता) × रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता. संपृक्तता म्हणजे हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग ऑक्सिजनने भरलेला आहे ते. तिन्ही घटकांचा गुणाकार असल्याने त्यातला एक जितक्या टक्क्यांनी चुकला, तितकंच उत्तर चुकतं.

सुरुवात फेज कॉन्ट्रास्टपासून (रक्ताचा वेग मोजणाऱ्या एमआरआय सिक्वेन्सपासून) करा, कारण तो बहुतेक मशीनवर असतो. कवटीच्या तळाशी दोन्ही इंटर्नल कॅरोटिड आणि दोन्ही व्हर्टिब्रल धमन्यांना काटकोनात स्लाइस ठेवायची. रिझोल्यूशन ०.५ मिमीच्या आसपास ठेवा, कारण व्हर्टिब्रल धमनी ३-४ मिमीचीच असते. वेंक, म्हणजे मोजता येणाऱ्या वेगाची वरची मर्यादा, ८० सेंमी प्रति सेकंद घ्या. धमनीच्या पांढऱ्या ठिपक्यात मधोमध काळं दिसलं तर वेग वेंकच्या वर गेलाय. वेंक वाढवून पुन्हा घ्या. आरओआय (मोजायच्या भागाची सीमारेषा) मॅग्निट्यूड चित्रावर, म्हणजे वेगाच्या नव्हे तर रचना दाखवणाऱ्या चित्रावर काढा. चारही प्रवाहांची बेरीज करून मेंदूच्या वजनाने भागायची. वजन म्हणजे टी-१ चित्रावरून (रचना दाखवणाऱ्या नेहमीच्या एमआरआय चित्रावरून) काढलेलं आकारमान गुणिले घनता १.०६.

शिरेतली संपृक्तता हा अवघड भाग. २००८ साली प्रसिद्ध झालेली ट्रस्ट पद्धत सुपीरियर सॅजिटल सायनस या मेंदूवरच्या मोठ्या शिरेतल्या रक्ताचा टी-२ (एमआरआय सिग्नल विरण्याचा काळ, जो संपृक्ततेनुसार बदलतो) मोजते. शिरेतल्या रक्तावर चुंबकीय खूण न करता घेतलेल्या कंट्रोल चित्रातून खूण करून घेतलेलं लेबल चित्र वजा केलं की ऊती निघून जातात आणि फक्त शिरेतलं रक्त उरतं. मग ०, ४०, ८० आणि १६० मिलिसेकंदांच्या चार बिंदूंतून वक्र बसवायचा. पण हा सिक्वेन्स साध्या मशीनवर नसतो, कंपनीचा रिसर्च पॅच लागतो. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) भरण्याआधी हे विचारून घ्या, नाहीतर विषय मंजूर होतो आणि डेटा मिळतच नाही. १.५ टेस्लाच्या मशीनवर ३ टेस्लाचा कॅलिब्रेशन वक्र (टी-२ वरून संपृक्तता काढायचा आलेख) वापरणं हीसुद्धा नेहमीची चूक.

आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते हिमोग्लोबिनकडे. प्रवाह १०० ग्रॅममागे मिनिटाला ५५ मिली, संपृक्तता ९८ आणि ६२ टक्के, हिमोग्लोबिन १३.५ धरलं तर उत्तर येतं १०० ग्रॅममागे मिनिटाला १६० मायक्रोमोल. हिमोग्लोबिन खरं तर ९ असेल, तर बाकी आकडे तेच ठेवूनही ते १०७ वर येतं. शिवाय टी-२ वरून संपृक्तता काढतानाही हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) लागतो, म्हणजे चूक दोन जागी शिरते. आपल्याकडे बायकांमध्ये ॲनिमिया इतका आढळतो, की पुस्तकातला ०.४० हिमॅटोक्रिट गृहीत धरणं बरोबर नाही. त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा. उत्तर महाराष्ट्रातल्या आदिवासी भागातून आलेल्या व्यक्तीची सिकलसेल तपासणी झाली आहे का, तेही विचारा. त्या रक्ताला नेहमीचा वक्र जसाच्या तसा लागू होत नाही.

धमनीची संपृक्तता बोटावरच्या ऑक्सिमीटरने घ्या; नेलपॉलिश आधी पुसा. साधा ऑक्सिमीटर स्कॅनरच्या खोलीत नेऊ नका, त्याच्या वायरमुळे भाजू शकतं. बाहेरच नोंद करा, नाहीतर एमआर-कंडिशनल (ठरावीक अटींवर एमआरआयच्या खोलीत वापरता येणारं) यंत्र वापरा.

व्यक्ती सीबीएसजवळ (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) चहा घेऊन आली असेल तर तेही लिहून ठेवा. कॅफिनने प्रवाह घटतो, त्या प्रमाणात मेंदू रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढतो आणि एकूण वापर जवळपास तसाच राहतो. म्हणून नुसता प्रवाह पाहून निष्कर्ष काढू नका. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि प्रवाहही कमी होतो. अशाला पाच मिनिटं शांत पडू द्या, मगच फेज कॉन्ट्रास्ट सुरू करा, आणि ट्रस्ट त्याला लागूनच घ्या.

रुग्णांकडे वळण्याआधी एकाच निरोगी व्यक्तीचं दोनदा मोजमाप करा. मधे टेबलावरून उतरवा आणि स्लाइस नव्याने लावा. दोन उत्तरांत जो फरक पडेल, त्यापेक्षा लहान बदल तुमच्या हाताला अजून पकडता येणार नाही.