एपी अमेरिकन इतिहासाची तयारी करताना

एपी म्हणजे अमेरिकी शाळांतील विद्यार्थ्यांसाठीचा महाविद्यालयीन पातळीचा अभ्यासक्रम आणि त्यावरची परीक्षा. ही परीक्षा मे महिन्यात असली तरी नोंदणीची मुदत आदल्या नोव्हेंबरात संपते, म्हणून ते काम शाळेतील एपी समन्वयकाकडे वेळेत उरकावे. वह्या-पुस्तकांविषयी वेगळे सांगायला नको. अभ्यासक्रम 1491 पासून आजपर्यंत नऊ कालखंडांत विभागलेला आहे. त्यातील पाचवा 1844 ते 1877 आणि सहावा 1865 ते 1898 असल्याने मधली वर्षे दोन्हींत येतात. पाचव्यात त्या वर्षांकडे यादवी युद्धानंतरची पुनर्रचना म्हणून, तर सहाव्यात औद्योगिकीकरणाची सुरुवात म्हणून पाहायचे असते, तेव्हा दोन्हींची टिपणे स्वतंत्र ठेवावीत.

यापुढचे मात्र सावकाश वाचावे. पहिल्या आठवड्यापासून, समोर येणाऱ्या प्रत्येक दस्तऐवजाची साधनचिकित्सा, म्हणजे तो कोणी, कोणासाठी आणि कशासाठी लिहिला व त्यावरून काय ठरते याचा विचार, लेखी करावी. मागच्या वेळी मी लेखकाचे नाव आणि सन नोंदवून पुढे गेले. ती साधनचिकित्सा नव्हे. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी डिसेंबर 1830 मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, पाठवलेल्या संदेशात मूलनिवासींचे स्थलांतर हे सरकारचे परोपकारी धोरण म्हणून मांडले. त्यासंबंधीचा कायदा त्याच वर्षी मे महिन्यात प्रतिनिधिगृहात अगदी थोड्या मतांनी संमत झाला होता. वादग्रस्त धोरणाचे समर्थन त्याच काँग्रेसपुढे करायचे असल्यामुळे त्यांनी परोपकाराची भाषा वापरली, आणि म्हणून हा संदेश स्थलांतरितांच्या स्थितीचा नव्हे, तर समर्थनाच्या पद्धतीचा पुरावा ठरतो, इथपर्यंत वाक्य पोहोचले पाहिजे. ‘म्हणून’ नंतरचा भाग नसेल तर गुण मिळत नाही.

दस्तऐवजाधारित निबंधात सात दस्तऐवज असतात, वेळ साठ मिनिटांचा असतो, त्यातली पंधरा वाचनासाठी सुचवलेली असतात, आणि एकूण गुणांकनात त्याचा वाटा 25 टक्के आहे. सात गुणांपैकी प्रतिपादन आणि पार्श्वभूमी यांना प्रत्येकी एक गुण असतो; चार दस्तऐवज युक्तिवादाला जोडले की दोन मिळतात, आणि दस्तऐवजांबाहेरचा एखादा नेमका पुरावा दिला की आणखी एक. साधनचिकित्सेचा गुण याहून वेगळा आहे आणि त्यासाठी किमान दोन दस्तऐवजांचा दृष्टिकोन, हेतू, परिस्थिती किंवा श्रोतृवर्ग आपल्या मुद्द्याशी जोडावा लागतो. दोनांवर थांबू नये, तीन करावेत, एखादा फसतोच. सातवा गुण गुंतागुंत दाखवण्याचा आहे. त्याच्या मागे लागून साधनचिकित्सा सोडणे हा शुद्ध तोटा आहे.

बहुपर्यायी प्रश्न 55, मिनिटेही 55, वाटा 40 टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नये. हे प्रश्नही उताऱ्यांवर किंवा चित्रांवर बेतलेले असतात, म्हणजे साधनचिकित्सेचा सराव इथेही कामी येतो. लघुत्तरी प्रश्न तीन, चाळीस मिनिटांत. प्रस्तावना नको, थेट उत्तर लिहावे. दीर्घ निबंधासाठी चाळीस मिनिटे असतात. तीन विषयांपैकी ज्याचे पुरावे लगेच आठवतील तो घ्यावा.

आता परीक्षा संगणकावर होते. ब्लूबुक हे परीक्षेचे अ‍ॅप आधीच उतरवून त्यातील सराव चाचणी द्यावी. चार्जर, पेन, ओळखपत्र. दस्तऐवज उघडताच कच्च्या कागदावर प्रत्येकापुढे ‘कोणासाठी, कशासाठी, म्हणून काय’ हे लिहावे आणि मगच निबंधाला हात घालावा.