एलटीओ टेपवर डेटा कसा उतरवावा

टेप कधीच कालबाह्य झाली, असं सांगणाऱ्याकडून बॅकअपचा सल्ला घेऊ नका. युरोपची अणुसंशोधन संस्था सर्न आजही आपल्या प्रयोगांचा डेटा टेपवर जपते. एलटीओ हा बॅकअपच्या चुंबकीय टेपचा एक प्रमाणित प्रकार. २००० साली एलटीओच्या पहिल्या कार्ट्रिजमध्ये १०० जीबी मावत; २०२१ च्या एलटीओ-९ मध्ये १८ टीबी मावतात. शिवाय ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत रॅन्समवेअर, म्हणजे डेटा अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, पोचत नाही.

१. खरेदी करताना वेष्टनावरचा ४५ टीबी हा आकडा सोडून द्या. तो २.५ पट कॉम्प्रेशन धरून छापतात. व्हिडिओ आणि फोटो आधीच कॉम्प्रेस झालेले असतात, म्हणून १८ टीबीच धरा. एलटीओ-९ ड्राइव्हला ८ ची टेप चालते, ७ ची वाचताही येत नाही.

२. नवी एलटीओ-९ टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह तिची जुळणी करतो. दोन तासही लागू शकतात. मध्येच बंद करू नका.

३. आता लिहिणं. सगळी अडचण इथेच आहे.

पूर्ण उंचीचा एलटीओ-९ ड्राइव्ह सेकंदाला ४०० एमबी लिहितो. डेटा कमी पडला की तो आधी वेग उतरवतो. तेवढ्यानं भागलं नाही तर थांबतो, टेप मागे घेतो आणि पुन्हा वेग पकडून सुटलेल्या जागेपासून लिहू लागतो. यालाच शू-शायनिंग म्हणतात. टेप आणि हेड (तिच्यावर लिहिणारा-वाचणारा भाग) दोन्ही झिजतात, वेळही वाया जातो. ड्राइव्हकडे कान द्या: आवाज सलग हवा. थांबत-अडखळत येत असेल तर काम तिथेच थांबवा.

‘नेटवर्कवरचं फोल्डर थेट टेपवर ओढा’ हा सल्ला ऐकला की माझा संताप होतो. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला १२५ एमबीच्या वर काही येऊच शकत नाही. एकटी साधी हार्ड डिस्कही ४०० गाठत नाही, आणि लाखभर छोट्या फायली असतील तर विचारूच नका. आधी सगळं एसएसडीवर आणा. छोट्या फायलींचे टारने (अनेक फायलींची एकच फाइल करणारा प्रोग्रॅम) मोठे गठ्ठे बांधा. मग एमबफर हा प्रोग्रॅम वापरून एसएसडी आणि टेपच्या दरम्यान काही जीबी रॅमचा साठा (बफर) ठेवा: बफर भरल्याशिवाय टेप हलू द्यायची नाही. एसएसडीवर जागा कमी असेल तर टप्प्याटप्प्यानं करा, पण ही पायरी गाळू नका. एलटीएफएस, म्हणजे टेप साध्या डिस्कसारखी दाखवणारी फाइल सिस्टिम, वापरत असाल तरी हेच लागू. तिथे फायली ओढून टाकणं सोपं असल्यानं लोक हमखास घाई करतात.

४. चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का हे ताडायचा तिचा आकडा, आधीच काढून ठेवा. लिहून झाल्यावर अख्खी टेप वाचून ते ताडून पाहा. वाचून न पाहिलेल्या टेपला मी बॅकअप म्हणत नाही.

५. टेपवर पुन्हा काही लिहिलं जाऊ नये म्हणून राइट-प्रोटेक्टचा खटका सरकवा, दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. तापमान १६ ते २५ अंश, आर्द्रता २० ते ५० टक्के. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात साधं कपाट पुरत नाही, डीह्युमिडिफायर लागतोच. क्लीनिंग कार्ट्रिज ड्राइव्ह मागेल तेव्हाच घाला.