बोगल डेकची तयारी : खरेदीपासून पहिल्या डावापर्यंत

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळायला शिकून झाले आहे, पण स्पर्धेत चालणाऱ्या डेकची, म्हणजे पत्त्यांच्या गड्डीची, किंमत ऐकली की हात आखडता घ्यावा लागतो, अशा खेळाडूने सर्वांत आधी पॉपर हा प्रकार निवडावा. यात केवळ कॉमन, म्हणजे सर्वांत सहज मिळणाऱ्या, दर्जाचे पत्ते चालतात. ऑनलाइन आणि प्रत्यक्ष खेळासाठी २०१९ पासून पॉपरचे एकच अधिकृत नियम लागू आहेत, त्यामुळे कोणता पत्ता चालतो आणि कोणता नाही यावरून पूर्वी होणारी हुज्जत बरीचशी संपली आहे. या प्रकारात ‘बोगल्स’ नावाचा हिरवा-पांढरा डेक बरीच वर्षे खेळला जातो. एखादा अगदी किरकोळ, १/१ ताकदीचा (हल्ला एकाचा आणि टफनेस, म्हणजे मार सोसण्याची ताकद, एकाची) क्रीचर, म्हणजे लढणारा प्राणी, उतरवायचा आणि त्याच्यावर एकामागून एक ऑरा, म्हणजे दुसऱ्या पत्त्याला जोडायचे पत्ते, चढवत त्याला असा वाढवायचा की तिसऱ्या-चौथ्या पाळीला सामना संपावा, एवढाच या डेकचा बेत आहे. पुढची सगळी तयारी याच डेकला धरून सांगितली आहे.

पत्ते जमवायला घेण्यापूर्वी हा बेत चालतो कशामुळे, ते नीट समजून घ्यावे. ऑरा हे मुळात जोखमीचे पत्ते आहेत, कारण ज्या क्रीचरवर ते चढवले तो प्रतिस्पर्ध्याने एका पत्त्याने मारला की आपले दोन-तीन पत्ते एकदम वाया जातात. बोगल डेक ही जोखीम हेक्सप्रूफ क्रीचर वापरून टाळतो. हेक्सप्रूफ क्रीचरला प्रतिस्पर्ध्याचा कोणताही मंत्र लक्ष्य करू शकत नाही, आपल्याला मात्र ती बंदी नसते. याचा अर्थ तो अमर आहे असा मुळीच नाही, आणि ज्यांनी हा फरक लक्षात घेतला नाही ते या डेकने पहिल्याच दिवशी हरून घरी जातात. त्याविषयी पुढे सविस्तर येईल.

खरेदीची यादी करताना साठ पत्त्यांचा हिशेब आधी कागदावर मांडावा. स्लिपरी बोगल, ग्लेडकव्हर स्काउट आणि सिल्हाना लेजवॉकर हे तीन क्रीचर प्रत्येकी चार घ्यावेत. पहिले दोन एका मानात (माना म्हणजे पत्ते टाकायला लागणारी, लँड नावाच्या पत्त्यांतून मिळणारी शक्ती) उतरतात, तर लेजवॉकरला दोन माना लागतात, पण त्याला उडणाऱ्या क्रीचरशिवाय कोणी अडवू शकत नाही. अंगावर चढवायच्या ऑरांमध्ये रँकर, इथिरियल आर्मर, अ‍ॅन्सेस्ट्रल मास्क आणि कार्टूश ऑफ सॉलिडॅरिटी प्रत्येकी चार आणि आर्माडिलो क्लोक तीन घ्यावेत. युटोपिया स्प्रॉल आणि अबंडंट ग्रोथ हे लँडवर बसणारे ऑराही प्रत्येकी चार लागतात. पांढरा माना मुख्यतः यांच्यातूनच येतो आणि एन्चान्टमेंटची (सगळे ऑरा याच प्रकारात मोडतात) संख्याही यांच्यामुळेच वाढते. पत्ते शोधण्यासाठी कम्यून विथ स्पिरिट्स चार घ्यावेत. उरलेल्या सतरा जागांवर अकरा फॉरेस्ट, तीन रेडियंट ग्रोव्ह आणि तीन खालनी गार्डन असे लँड बसतात. रेडियंट ग्रोव्ह टॅप होऊनच (आडवा, म्हणजे वापरून झाल्यासारखा) उतरत असला तरी त्याचा प्रकार फॉरेस्टही आहे, त्यामुळे युटोपिया स्प्रॉल त्याच्यावर चढवता येतो. दोन रंग देणाऱ्या दुसऱ्या एखाद्या स्वस्त लँडच्या मोहात पडून ही सोय घालवू नये.

प्रत्यक्ष विकत घेताना कॉमन या शब्दाचा अर्थ बरोबर लावावा. हातातल्या प्रतीवरचे दर्जाचे चिन्ह कॉमनसारखे काळे असलेच पाहिजे असे नाही. तो पत्ता कोणत्या तरी संचात एकदा कॉमन म्हणून निघालेला असला की पुरे. रँकर १९९९ च्या संचात कॉमन होता आणि २०१२ च्या संचात रुपेरी चिन्हाचा अनकॉमन म्हणून आला. पॉपरमध्ये दोन्ही प्रती सारख्याच चालतात, म्हणून जी स्वस्त मिळेल ती घ्यावी. हेक्सप्रूफ हा शब्द पत्त्यांवर २०११ पासून छापला जाऊ लागला, त्यामुळे २००८ चा मूळ स्लिपरी बोगल हाती आला तर त्याच्यावर तो शब्द नसेल, त्याऐवजी एक लांबलचक वाक्य असेल. नियम तोच आहे, विक्रेत्याने चुकीचा पत्ता पाठवला असे समजून तो परत करू नये. बंदी घातलेल्या पत्त्यांची अधिकृत यादी मात्र पैसे भरण्याच्या दिवशी एकदा आणि स्पर्धेच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहावी.

स्लीव्ह, म्हणजे पत्ते घालायची पाकिटे, घेताना माप वाचावे. मॅजिकचा पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा असतो, आणि बाजारात याहून लहान, जपानी मापाचे स्लीव्हही त्याच फळीवर मांडलेले असतात. मी एकदा भाव कमी दिसला म्हणून तेच उचलून आणले आणि घरी आल्यावर एकही पत्ता आत जाईना. तो संच आजही खणात पडून आहे. चमकणाऱ्या फॉइल प्रती स्वस्त मिळाल्या तरी शक्यतो टाळाव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या धनुष्यासारख्या वाकतात, आणि गड्डीत वाकलेला पत्ता बाहेरून ओळखू येत असेल तर स्पर्धेत तो खुणेचा पत्ता ठरू शकतो. घरच्या सरावासाठी कागदावर नाव लिहून तो चिटोरा फॉरेस्टच्या पुढे स्लीव्हमध्ये सरकवला तरी चालते, किंबहुना पैसे घालण्यापूर्वी दहा-वीस डाव असेच खेळून पाहावेत. अधिकृत स्पर्धेत मात्र खरेच पत्ते लागतात.

आता सर्वांत महत्त्वाच्या तयारीकडे यावे. पहिले सात पत्ते ठेवायचे की परत करायचे, हे ठरवण्याची सवय लागली पाहिजे. डेकमध्ये क्रीचर फक्त बारा आहेत, त्यामुळे साधारण पाच हातांपैकी एकात एकही क्रीचर नसतो, आणि एका मानाचा क्रीचर असलेले हात सुमारे दोन तृतीयांशच भरतात. क्रीचर नसलेला हात, मग त्यात आर्मर, मास्क, रँकर असे कितीही देखणे पत्ते असोत, परत करावा. नवशिक्या माणसाच्या जिवावर येते ते हेच, कारण ‘पुढच्या पाळीला येईल’ ही आशा फार गोड असते. २०१९ पासूनच्या मलिगनच्या (हात परत करून नवा घेण्याच्या) नियमानुसार पुन्हा सातच पत्ते ओढून त्यांतला एक तळाला घालायचा असतो, म्हणजे सातांतून निवडलेले सहा हाती राहतात. या डेकला तीन-चार योग्य पत्त्यांपेक्षा जास्त काही लागत नसल्याने हे नुकसान सोसण्यासारखे आहे. पाच पत्त्यांपर्यंत खाली जाऊनही मी डाव जिंकलेले आहेत. क्रीचरविना ठेवलेल्या सात पत्त्यांवर जिंकल्याचे आठवत नाही.

सरावासाठी समोर कोणी नसताना एकट्याने डाव मांडावा आणि पुढचा हिशेब हाताने करून पाहावा. पहिली पाळी आपली आहे असे धरावे. पहिल्या पाळीला फॉरेस्ट टाकून स्काउट उतरवावा. दुसऱ्या पाळीला दुसरा फॉरेस्ट टाकून, त्याच्या मानाने पहिल्या, अजून टॅप न केलेल्या फॉरेस्टवर युटोपिया स्प्रॉल चढवावा आणि पांढरा रंग सांगावा. आता तो फॉरेस्ट टॅप केला की एक हिरवा आणि एक पांढरा असे दोन माना मिळतात, त्यांतून रँकर आणि इथिरियल आर्मर दोन्ही स्काउटवर जातात. आर्मर प्रत्येक एन्चान्टमेंटमागे एक देतो आणि आपल्या ताब्यात तीन आहेत, म्हणून आर्मरचे तीन, रँकरचे दोन आणि स्काउटचा स्वतःचा एक मिळून हल्ला सहाचा होतो, आणि समोर अडवायला कोणी नसेल तर प्रतिस्पर्ध्याचे आयुष्य विसावरून चौदावर येते.

तिसऱ्या पाळीला तिसरा फॉरेस्ट पडला तर एकूण चार माना हाती असतात. एका मानाने अबंडंट ग्रोथ आणि तिनांत अ‍ॅन्सेस्ट्रल मास्क टाकला की टेबलावर पाच एन्चान्टमेंट होतात. आर्मरचे पाच, बाकीच्या चारांमुळे (प्रत्येकी दोन) मास्कचे आठ, रँकरचे दोन आणि मूळचा एक, असे सोळा. चौदा हवे होते. पण तिसरा लँड हाती नसेल तर तीनच माना मिळतात आणि केवळ मास्क टाकता येतो. तेव्हा बेरीज तेरा होते आणि प्रतिस्पर्धी एका गुणावर जिवंत राहतो. अशा वेळी मास्क बाजूला ठेवून आधी ग्रोथ टाकावा, त्याच्यामुळे जो पत्ता ओढायला मिळतो तो लँडच निघेल, असा जुगार खेळण्याची तीव्र इच्छा होते. ती आवरावी. टॅप न होता उतरणारे फॉरेस्ट उरलेल्या एक्कावन्न पत्त्यांत नऊच आहेत, म्हणजे पाचांत एक वेळही हा जुगार साधत नाही, आणि फसला तर मास्क टाकण्यापुरते मानाही उरत नाहीत. तेराचा हल्ला करून मोकळे व्हावे. लँड हाती असेल तेव्हा मात्र ग्रोथ नेहमी लँड टाकण्याआधी टाकावा, कारण त्याने आणलेला पत्ता पाहून कोणता लँड टाकायचा ते ठरवता येते.

काही नियम असे आहेत की ते आदल्या रात्री एकदा मोठ्याने वाचून ठेवावेत. इथिरियल आर्मर फक्त आपल्या ताब्यातली एन्चान्टमेंट मोजतो आणि स्वतःलाही धरतो, तर अ‍ॅन्सेस्ट्रल मास्क स्वतःला सोडून टेबलावरची सगळी मोजतो, त्यांत प्रतिस्पर्ध्याचीही आली. रँकर टेबलावरून ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात) गेला तरच हातात परत येतो. तो टाकत असतानाच त्याचे लक्ष्य नाहीसे झाले तर तो टेबलावर आलेलाच नसतो, म्हणून परतही येत नाही. आर्माडिलो क्लोक नुकसान झाल्यानंतर वेगळा परिणाम म्हणून आयुष्य देतो, नुकसानीच्या क्षणीच देत नाही. त्यामुळे आपण दोन गुणांवर असताना क्लोकवाल्या क्रीचरने एकाला अडवले आणि त्याच वेळी दुसऱ्याने दोनाचा फटका दिला, तर आयुष्य वाढण्याआधीच आपण हरलेले असतो. क्लोकच्या जोडीला आर्मर किंवा कार्टूश असेल तर गोष्ट बदलते. त्यांच्या फर्स्ट स्ट्राइकमुळे आपला वार आधी लागतो, आयुष्य आधी जमा होते आणि मग दुसऱ्याचा फटका बसतो. लाल डेकसमोर या एका फरकावर सामना फिरतो.

हेक्सप्रूफला जी भोके आहेत त्यांची तयारी स्वतंत्रपणे करावी. पहिले आणि सर्वांत मोठे भोक म्हणजे चेनर्स ईडिक्टसारखे काळे पत्ते. ते क्रीचरला लक्ष्य करतच नाहीत, खेळाडूला करतात आणि त्यालाच त्याचा एक क्रीचर बळी द्यायला लावतात. आपल्याकडे एकच क्रीचर असेल तर सगळा डोलारा एका पत्त्याने कोसळतो. म्हणून समोरच्याने काळा लँड टाकलेला दिसला की ऑरा चढवण्याची घाई न करता बळी द्यायला कोणी तरी शेजारी ठेवावे. कार्टूशबरोबर येणारा १/१ योद्धा आणि खालनी गार्डनचे ०/१ रोपटे यांच्यासाठीच डेकमध्ये जागा दिली आहे. क्रिप्ट रॅट्ससारखे सर्वांना एकदम नुकसान करणारे पत्तेही लक्ष्य करत नाहीत, पण त्यांच्यावर वाढलेला टफनेस हेच औषध असल्याने इथे उलट लवकर चढवलेले बरे.

दुसरे भोक अधिक गमतीदार आहे. साइडबोर्डमधून (डावांच्या मध्ये बदलायला ठेवलेल्या जास्तीच्या पत्त्यांतून) कोणी स्टँडर्ड बेअरर (झेंडेकरी) हा क्रीचर आणला, तर आपण टाकलेल्या मंत्राला शक्य असेल तोवर त्यालाच लक्ष्य करावे लागते, म्हणजे आपला रँकर आपल्याच हाताने शत्रूच्या झेंडेकऱ्याला नेसवावा लागतो. ‘शक्य असेल तोवर’ हे शब्द मात्र धरून ठेवावेत. कार्टूश फक्त आपल्या ताब्यातल्या क्रीचरवर आणि युटोपिया स्प्रॉल फक्त फॉरेस्टवर बसू शकतो, त्यामुळे हे दोन्ही बिनदिक्कत टाकता येतात. साइडबोर्डच्या पंधरा पत्त्यांत जर्नी टू नोव्हेअर तीन तरी ठेवावेत. तो झेंडेकऱ्याला दूर करतो आणि स्वतः एन्चान्टमेंट असल्याने आर्मर-मास्कच्या बेरजेतही भर घालतो. मोमेंट्स पीससारख्या, हल्ल्याचे नुकसान रद्द करणाऱ्या पत्त्यांसाठी फ्लेअरिंग पेन दोन ठेवावेत. तो लाल असला तरी ग्रोथमुळे लाल माना काढता येतो. उरलेल्या जागा आपल्या भागात कोण काय खेळते ते पाहून भराव्यात.

पिशवीत दोन टोकन (योद्धा आणि रोपटे दाखवायला), काही फासे, आयुष्याचा हिशेब लिहायला वही आणि दोन पेन ठेवावीत. फासा घरंगळला तर आकडा हरवतो, म्हणून आयुष्य लिहूनच ठेवावे. टेबलावर ऑरा क्रीचरच्या खाली असे सरकवावेत की प्रत्येकाचे नाव समोरच्यालाही वाचता येईल, आणि युटोपिया स्प्रॉलवर निवडलेल्या रंगाची चिठ्ठी ठेवावी. बेरीज विचारली तर लगेच आणि खरी सांगावी.

प्रत्येक सामना संपल्यावर साइडबोर्डचे पत्ते मुख्य डेकमधून काढून, दोन्ही गड्ड्या मोजूनच पुढच्या टेबलाकडे जावे. मी एकदा जिंकल्याच्या आनंदात तसाच उठलो, पुढच्या सामन्यात पिसून काटायला गड्डी पुढे केली, आणि पहिल्याच हातात दोन जर्नी टू नोव्हेअर आले तेव्हा चूक ध्यानात आली. पंचांना स्वतःहून हात वर करून सांगितले आणि नियमाप्रमाणे झालेली शिक्षा घेतली. तेव्हापासून डबीच्या झाकणात साठ आणि पंधरा हे दोन आकडे मार्करने लिहून ठेवले आहेत.