पेटंटचा परवाना द्यायला निघताय? आधी सह्या मोजा

गेल्या वेळी आमचा परवान्याचा करार शेवटच्या बैठकीत मोडला, तो एका कागदापायी. पेटंट मिळालेलं होतं, दर ठरला होता. कंपनीच्या वकिलानं चार संशोधकांपैकी तिसऱ्याचं हस्तांतरणपत्र, म्हणजे शोधावरचा आपला हक्क संस्थेला दिल्याचा कागद, मागितलं आणि ते नव्हतं. तेव्हा विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या आयपी (बौद्धिक संपदा) सेलमध्ये बसून पेटंटमधून पैसे उभे करायचे असतील, तर पहिलं काम हेच: शोधात ज्याचा ज्याचा हात आहे त्या प्रत्येकाची हस्तांतरणपत्रावर सही. बाकी सगळं नंतर.

सहीवर इतका जोर का, ते नीट समजून घ्या, कारण 'आमच्या प्रयोगशाळेत झालं म्हणजे आमचंच' ही समजूत कुलसचिवांपासून मार्गदर्शकांपर्यंत सगळ्यांची असते. पेटंट कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्जाचा हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाचा, किंवा त्यानं ज्याला हक्क दिला त्याचा. संस्था आपोआप मालक होत नाही. सरकारी पैशातून निघालेल्या शोधांसाठी अमेरिकेत १९८० सालापासून बे-डोल कायदा आहे, तो असे शोध संस्थेला आपल्या मालकीचे ठेवू देतो. आपल्याकडे तशा धर्तीचं विधेयक २००८ साली राज्यसभेत आलं आणि २०१४ साली मागे घेतलं गेलं. म्हणजे आपला आधार संस्थेचं आयपी धोरण, अनुदानाचं मंजुरीपत्र आणि संशोधकाची सही एवढाच. बे-डोल असूनही सहीवाचून कसं अडतं हे पाहायचं असेल तर २०११ सालचा स्टॅनफर्ड विरुद्ध रोश हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण मोजण्याच्या पद्धतीचा वाद होता. संशोधकानं स्टॅनफर्डला लिहून दिलं होतं की हक्क द्यायला मी कबूल आहे. नंतर एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम शिकायला जाताना तिथल्या कागदावर सही केली. त्यात 'याद्वारे हक्क देत आहे' असं होतं. दुसरा कागद भारी ठरला.

म्हणून तुमच्या नमुन्यात 'हस्तांतरित करीन', 'करण्यास बांधील राहीन' असली भविष्यातली क्रियापदं नकोत. 'याद्वारे हस्तांतरित करत आहे' असंच हवं. नमुना वकिलाकडून एकदा तपासून घ्या, मग त्यात कुणालाही हात लावू देऊ नका.

सही कुणाकुणाची? प्राध्यापकांची मिळतेच. राहतात ते विद्यार्थी. विद्यार्थी नोकर नसतो, त्याच्या नेमणूकपत्रात आयपीचं कलम नसतं, कारण नेमणूकपत्रच नसतं. पीएच.डी.चे, एम.टेक.चे, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे, सहा महिन्यांसाठी आलेला प्रोजेक्ट असिस्टंट, दुसऱ्या संस्थेतले सहमार्गदर्शक, पाहुणे प्राध्यापक. जो विद्यार्थी मध्ये एखाद्या कंपनीत इंटर्नशिप करून आला त्याचा तिथला करार मागवून वाचा. त्यात आयपी कंपनीची असं लिहिलेलं असू शकतं, आणि तुमचा शोध त्याच काळात लागलेला असू शकतो. दुसरी संस्था सहमालक असेल तर कलम ५० लक्षात ठेवा: सहमालकाच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. त्यामुळे परवाना कोण देणार आणि पैसे कसे वाटायचे हे प्रकल्प सुरू होतानाच सामंजस्य करारात लिहून घ्या. शोध लागल्यावर या गोष्टीवर एकमत होणं अवघड जातं.

सही केव्हा? प्रकल्पात रुजू होण्याच्या दिवशी. अर्ज भरताना नाही, पेटंट मिळाल्यावर तर नाहीच. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, महाविद्यालयाचा ईमेल बंद होतो, तो जर्मनीत किंवा टेक्सासात पोचतो आणि तिथून नोटरी करून कागद मागवायला महिने जातात. कंपनी तेवढं थांबत नाही. रुजू होतानाच त्याचा स्वतःचा ईमेल, मोबाइल आणि कायमचा पत्ता लिहून घ्या. अर्जाच्या फॉर्म १ वर संशोधकांची घोषणा असते, ती आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती भारतातल्या त्या एका अर्जापुरती. परदेशी अर्ज, पुढच्या सुधारणा आणि नोहाऊ (पेटंटमध्ये न लिहिलेलं कामाचं ज्ञान) यांसाठी स्वतंत्र पत्र लागतं. मुद्रांक शुल्क भरा. ते न भरलेला कागद न्यायालय पुरावा म्हणून घेत नाही आणि मग दंडासह भरावं लागतं.

संशोधकांची नावं खरी टाका. शोधनिबंधाचे लेखक आणि पेटंटचे संशोधक हे दोन वेगळे गट आहेत. पेटंटच्या दाव्यांमधल्या, म्हणजे ज्यावर हक्क मागितला त्या, कल्पनेत ज्याचा वाटा तो संशोधक. विभागप्रमुखांचं नाव आदरापोटी घालणं आणि ज्यानं खरी अडचण सोडवली त्या विद्यार्थ्याचं गाळणं, दोन्ही पुढे पेटंटवर उलटतात.

दुसरी तयारी गप्प बसण्याची. अर्ज दाखल होईपर्यंत शोधनिबंध, पोस्टर, प्रकल्प स्पर्धा, विभागाच्या संकेतस्थळावरची बातमी, सगळं थांबवा. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर, चढला की तो जगाला खुला झाला. पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षाही उघड होणंच आहे, म्हणून तारीख ठरायच्या आत तात्पुरता अर्ज करून टाका. कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधांना, म्हणजे फारच अरुंद. युरोपात तेवढीही भिस्त ठेवू नका. कोहेन आणि बॉयर यांच्या जनुक जोडण्याच्या पद्धतीचा निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये छापून आला आणि अर्ज नोव्हेंबर १९७४ मध्ये गेला. अमेरिकेत वर्षाची मुभा होती म्हणून तिथे तो जेमतेम मुदतीत बसला. परदेशातले हक्क मात्र गेले. तरीही त्या पेटंटांनी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाला सुमारे २५ कोटी ५० लाख डॉलर मिळवून दिले. आपल्या शोधात तेवढी ताकद असेल असं धरून चालू नका.

अर्जाचा खर्च ही सबब आता उरलेली नाही. २०२१ च्या नियमांपासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे: ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये, परीक्षणाच्या विनंतीला ४,०००. तात्पुरत्या अर्जानंतर १२ महिन्यांत पूर्ण तपशील. परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांत. पूर्वी ४८ होते, २०२४ मध्ये मुदत कमी झाली आणि जुन्या तक्त्यावर चालणारे सेल इथे फसतात. विनंती राहिली तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. वनस्पती, बुरशी, जिवाणू असं काही जैविक वापरलं असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे पेटंट मिळण्याआधी नोंदणी आणि व्यापारी वापराच्या वेळी मंजुरी. परदेशी अर्ज १२ महिन्यांच्या आत पीसीटीतून, म्हणजे अनेक देशांसाठी एकच अर्ज करता येणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातून, करा, पण एकेका देशात शिरण्याचा खर्च लाखांत जातो. तोपर्यंत तो उचलणारी कंपनी सापडली नसेल तर थांबा. आणि मानांकनासाठी आकडा वाढवायला केलेले अर्ज परवान्याच्या यादीत मिसळू नका. ज्याचा ग्राहक कोण हे संशोधकाला एका वाक्यात सांगता येत नाही, त्यावर नूतनीकरणाचे पैसे घालवू नका.

कंपनीकडे जाताना पेटंटची प्रत नेऊ नका, ती कुणी वाचत नाही. दोन पानांचा गोपनीय नसलेला सारांश न्या: आज कारखान्यात काय करतात, तुमच्यामुळे काय बदलतं, किलोमागे किती रुपये वाचतात, किती मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. पाच ग्रॅमवर झालेलं काम पाच ग्रॅमचं असं स्पष्ट लिहा. ५० किलोवर तेच होईल असं सुचवलंत तर पहिल्याच चाचणीत विश्वास जातो. त्रयस्थ प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल जोडा. वीस कंपन्यांची यादी करा आणि प्रत्येकीच्या उत्पादन किंवा संशोधन प्रमुखाला थेट फोन करा. राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ, पुण्याचं व्हेंचर सेंटर आणि आयआयटी मुंबईचं साइन ही नवउद्योगांना आधार देणारी केंद्रं यांच्याकडून मदत मिळते, पण तंत्रज्ञान समजावून सांगणारा माणूस तुमचाच लागतो. गोपनीयता करार झाल्याशिवाय तापमान, उत्प्रेरकाचं प्रमाण, टप्प्यांचा क्रम सांगू नका. बऱ्याचदा कंपनी पैसे मोजते ते पेटंटपेक्षा या न लिहिलेल्या भागासाठी, म्हणून कार्यपद्धती लिहून काढून वेगळी किंमत लावा. आणि या बैठकीला जाण्याआधी फाइल उघडा. संशोधक किती, हस्तांतरणपत्रं किती? आकडे जुळत नसतील तर बैठक पुढे ढकला. खरंच ढकला.

करारात पैसे चार ठिकाणांहून येतात: सुरुवातीची रक्कम, टप्प्यांवरच्या रकमा, विक्रीवरची रॉयल्टी आणि वार्षिक किमान रक्कम. लोक टक्क्यांवर भांडतात आणि किमान रक्कम विसरतात. समजा ३ टक्के ठरले आणि १,००० रुपयांचे १०,००० नग विकले गेले, तर ३ लाख. पण कंपनीनं तंत्रज्ञान कपाटात ठेवलं तर ३ टक्क्यांचे शून्य रुपये, आणि एकमेव परवाना दिलेला असेल तर दुसऱ्यालाही देता येत नाही. म्हणून एकमेव परवाना मागणाऱ्याकडून किमान रक्कम घ्याच, शिवाय तारखा घालून घ्या: अमुक महिन्यांत चाचणी उत्पादन, अमुक महिन्यांत बाजारात, नाहीतर परवाना सामान्य होईल किंवा रद्द. वापराचं क्षेत्र आणि प्रदेश बांधून द्या. जो लेप औषधाच्या गोळीला चालतो तो बियाण्यालाही चालू शकतो. गोळ्यांच्या कंपनीला बियाणं फुकट देऊ नका. 'निव्वळ विक्री'ची व्याख्या स्वतः लिहा, काय वजा होणार ते मोजून लिहा, 'इतर खर्च' असे शब्द काढा. हिशेब तपासण्याचा हक्क, उपपरवान्यातला (कंपनीनं पुढे दुसऱ्याला दिलेल्या परवान्यातला) वाटा, आणि तुम्हाला शिकवण्यासाठी व संशोधनासाठी वापराची मुभा. कंपनीनं केलेल्या सुधारणा एकतर्फी तुमच्याकडे याव्यात, पेटंटच्या वैधतेला आव्हान देऊ नये, अशी कलमं घालू नका. कलम १४० नुसार ती चालत नाहीत. पेटंट संपल्यावर तीन महिन्यांच्या नोटिशीनं कुणीही करार संपवू शकतो, तेव्हा वसुली आधीच्या वर्षांत धरा. 'शोध संस्थेच्या मालकीचा आहे' अशी हमी कंपनी मागणारच. ती तुम्ही कशाच्या जोरावर देणार? हस्तांतरणपत्रांच्या.

राहिलेलं झटपट. सही करण्याचा अधिकार कुणाला आहे ते ठराव करून ठेवा, व्यवस्थापन परिषदेच्या पुढच्या बैठकीची वाट पाहायला लावू नका. रकमेवर जीएसटी वेगळा, असं लिहा; १८ टक्के. करार लेखीच हवा, त्याची पेटंट नोंदवहीत नोंद करा, फॉर्म १६. पेटंटचा अर्ज मोठ्या कंपनीच्या नावे गेला तर शुल्कातला फरक तिनं भरायचा. नूतनीकरण तिसऱ्या वर्षापासून, आठवण दोन माणसांकडे ठेवा. फॉर्म २७, म्हणजे पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे का याचं निवेदन, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा, पण भरायचाच, आकडे कंपनीकडून मागवून. संशोधकांचा वाटा टक्केवारीत, धोरणात आधीच, विद्यार्थ्यांसकट. त्यांचे बँक तपशील त्याच फाइलमध्ये, त्याच सहीच्या कागदामागे. उद्या नवा प्रोजेक्ट असिस्टंट रुजू होत असेल तर त्याला प्रयोगशाळेचं ओळखपत्र देण्याआधी तो कागद पुढे करा.